दीर्घकालीन नोंदी आणि लोकांची साथ

विज्ञानातील काही प्रश्नांची उत्तरे एका प्रयोगात मिळतात, तर काहींच्या उत्तरांसाठी एक पिढी खर्ची पडते. एखाद्या द्रवाचा उत्कलनबिंदू ठरवावयाचा असेल, तर दुपारभराचे काम पुरते. पण अमुक सवयीच्या माणसास पुढे हृद्रोग जडतो काय, हे ठरवावयाचे झाल्यास प्रथम निरोगी माणसे शोधली पाहिजेत, त्यांच्या सवयी लिहून ठेवल्या पाहिजेत आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहिली पाहिजे. त्या वर्षांत कोण आजारी पडतो व कोण पडत नाही, हे पाहिल्यावरच निष्कर्ष काढता येतो. असल्या संशोधनास दीर्घकालीन निरीक्षण असे म्हणता येईल.

ह्या प्रकारच्या संशोधनात उपकरणांची अडचण क्वचितच पडते. जुने उपकरण मोडले तर नवे आणता येते आणि दोहोंच्या मापांचा मेळ घालण्याच्या रीतीही ठरलेल्या आहेत. खरी अडचण माणसांची असते. तपासणीस येणारा माणूस कंटाळतो, गाव सोडतो, किंवा 'मला ह्यातून काय मिळाले?' असे विचारू लागतो. पैसा पुरविणारी संस्था दहा वर्षांनी फळ मागते. प्रारंभीचे संशोधक निवृत्त होतात आणि नव्यांना जुन्या वह्यांचे मोल कळतेच असे नाही. ह्या सर्वांचे मन कामात टिकवून धरणे हा संशोधनाचाच एक भाग होय. तो कसा साधतो आणि न साधल्यास काय हानी होते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू.

एका मृत्यूने उभा केलेला प्रश्न

दिनांक १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. अखेरच्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका नोंदला गेला होता. त्याच्या आधीची काही वर्षे तो चढतच होता. तथापि अध्यक्षांची प्रकृती त्यांच्या वयाच्या मानाने ठीक आहे, असेच जनतेस सांगण्यात येत असे. ह्यात लपवाछपवीचा भाग असला तरी अज्ञानाचा भागही मोठा होता. वय वाढले की रक्तदाब वाढावयाचाच, किंबहुना कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यास तो आवश्यकच आहे, असे मानणारे वैद्य त्या काळी पुष्कळ होते. तो उतरविण्याची परिणामकारक औषधेही हाताशी नव्हती.

हृद्रोग हे त्या वेळी अमेरिकेतील मृत्यूचे अग्रगण्य कारण बनले होते. परंतु तो कोणास होतो आणि का होतो, हे सांगता येत नव्हते. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांवरून ह्याचा उलगडा होण्यासारखा नव्हता. रोगी येतो तेव्हा रोग जडलेला असतो. त्यापूर्वी त्याच्या शरीरात काय चालले होते, ह्याची नोंद कोठेच नसते. म्हणून निरोगी माणसांपासून प्रारंभ करावयाचा, असे ठरले. १९४८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय हृदय संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम ह्या गावी सार्वजनिक आरोग्य खात्याने कामास हात घातला. मूळ योजना वीस वर्षांची होती.

फ्रॅमिंगहॅमच का?

बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारे बत्तीस किलोमीटरवर वसलेल्या ह्या गावाची लोकसंख्या तेव्हा २८,००० च्या आसपास होती. गाव फार मोठे नव्हते, म्हणून माणसांचा माग ठेवता येण्यासारखा होता. फार लहानही नव्हते, म्हणून पुरेसे हृद्रोगी पुढे आढळतील अशी खात्री वाटत होती. बहुतेकांचा चरितार्थ गावातच चालत असल्याने स्थलांतराची भीती कमी होती. गावातील रहिवाशांची यादी दरवर्षी नव्याने तयार होत असे. आजारी पडलेले लोक बहुधा गावातल्याच रुग्णालयात जात. त्यामुळे कोणास काय झाले हे कळण्याची सोय होती.

ह्या सोयींखेरीज आणखी एक गोष्ट फ्रॅमिंगहॅमच्या पक्षी होती. १९१७ ते १९२३ ह्या काळात ह्याच गावात क्षयरोगाविषयी एक मोठा आरोग्यप्रयोग झाला होता. आपल्या प्रकृतीच्या तपासणीतून साऱ्या देशास उपयुक्त असे काही निष्पन्न होऊ शकते, हा अनुभव गावाच्या गाठीशी होता. विश्वासाची अशी पूर्वपुंजी असली म्हणजे नव्या कामाचा पाया अर्धा घातलेलाच असतो.

दाराशी जाऊन केलेली विनवणी

प्रारंभीची व्यवस्था डॉ. गिल्सिन मेडोर्स ह्या तरुण अधिकाऱ्याकडे होती. त्याने गावातील नागरिकांच्या समित्या नेमल्या आणि ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांकडे जाऊन तपासणीस येण्याची विनंती करावी, अशी रीत पाडली. सरकारी पत्र येते तेव्हा माणूस ते बाजूस ठेवतो. शेजारी दाराशी येतो तेव्हा त्यास बसावयास सांगावेच लागते. ह्या रीतीने काम वेगाने सुरू झाले.

परंतु लवकरच तिच्यातील एक दोष ध्यानात आला. स्वयंसेवक साहजिकच आपल्या मित्रांकडे व आप्तांकडे जात, आणि आपण होऊन येणारी माणसे प्रकृतीची काळजी घेणारीच असत. अशा निवडक माणसांवरून सर्व गावाविषयी अनुमान काढणे धोक्याचे होते. १९४९ मध्ये काम राष्ट्रीय हृदय संस्थेकडे गेले आणि डॉ. टॉमस डॉबर ह्यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा संख्याशास्त्राच्या नियमांस धरून गावातील कुटुंबांची यदृच्छ निवड करण्यात आली. निवडलेल्या ६,५०७ व्यक्तींपैकी ४,४६९, म्हणजे शेकडा सुमारे ६९, तपासणीस आल्या. त्यांत ७४० स्वयंसेवकांची भर घालून ५,२०९ जणांचा गट सिद्ध झाला. त्यात २,३३६ पुरुष आणि २,८७३ स्त्रिया होत्या. हृद्रोग हा मुख्यतः पुरुषांचा रोग समजला जात असताना स्त्रियांना एवढ्या संख्येने सामावून घेतले गेले, ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. पहिल्या तपासणीत ५,१२७ व्यक्ती हृद्‌रोहिणीच्या रोगापासून मुक्त आढळल्या. खरी प्रतीक्षा त्यांच्याविषयीची होती.

शेजाऱ्याची विनवणी आणि संख्याशास्त्राची निवड ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. कोणास बोलवावयाचे हे शास्त्राने ठरवावे. त्याने यावे ह्यासाठी मात्र माणसानेच माणसाकडे जावे लागते.

वैद्यांचा संशय आणि त्यावरील तोड

गावातील खाजगी वैद्यांच्या मनात एक स्वाभाविक भीती होती. सरकारी दवाखाना फुकट तपासणी करणार, मग आपल्याकडे कोण येणार? ह्या वैद्यांचे मन दुखावले असते, तर त्यांच्या एका शब्दावर शेकडो कुटुंबांनी पाठ फिरविली असती.

ह्यावर संशोधकांनी पुढील तोड काढली. आम्ही कोणासही औषध देणार नाही. फक्त तपासू आणि निष्कर्ष त्या माणसाच्या नेहमीच्या वैद्याकडे पाठवू, असे त्यांनी जाहीर केले व ते पाळले. त्यामुळे वैद्यांचा व्यवसाय सुरक्षित राहिला, त्यांना आपल्या रोग्यांचे हृद्‌विद्युत्‌लेख व रक्तपरीक्षांचे आकडे आयते मिळू लागले, आणि तपासणीस आलेल्या माणसासही काही लाभ झाला. संशोधनास ह्याचा आणखी एक फायदा होता. संशोधकच उपचार करू लागले असते, तर निरीक्षण करणारा आणि निरीक्षणाचा विषय बदलणारा हे एकच झाले असते.

तपासणीबद्दल पैसे दिले जात नसत. दर दोन वर्षांनी एकदा यावे, प्रश्नांची उत्तरे द्यावी, वजन, रक्तदाब, हृद्‌विद्युत्‌लेख, रक्त इत्यादींची परीक्षा करू द्यावी आणि परत जावे, एवढाच क्रम होता. तरीही लोक येत राहिले. गाव सोडून दूर गेलेल्यांपैकीही कित्येकजण तपासणीसाठी परत येत. पुढे जे वृद्ध झाले व ज्यांना घराबाहेर पडणे जमेना, त्यांच्या घरी किंवा शुश्रूषागृहात जाऊन तपासणी करण्याचा प्रघात संशोधकांनी पाडला.

गळतीचे गणित

माणसे टिकवून धरण्यासाठी एवढा खटाटोप कशास, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे.

समजा, १,००० माणसांनी प्रारंभ केला आणि दर फेरीस उरलेल्यांपैकी शेकडा १० गळाले. दुसऱ्या फेरीस ९०० उरतील, तिसरीस ८१०, आणि दहा वेळा अशी गळती झाल्यावर केवळ ३४९ माणसे शिल्लक राहतील. हीच गळती शेकडा २ वर रोखली, तर तितक्याच काळानंतर ८१७ माणसे उरतील. दर फेरीतील फरक क्षुल्लक दिसतो. पण वीस वर्षांच्या अखेरीस तो संशोधनाच्या जीवनमरणाचा ठरतो.

संख्या घटण्याहूनही मोठी हानी दुसरी आहे. गळणारी माणसे आणि टिकणारी माणसे सारखी नसतात. आजारी माणसास दवाखान्याची पायरी चढणे अवघड जाते. गरीब माणसास घर बदलावे लागते. व्यसनी माणूस प्रश्न टाळतो. समजा, १,००० पैकी २०० जण खरोखर आजारी पडले, म्हणजे रोगाचे प्रमाण शेकडा २० झाले. आता ह्या आजाऱ्यांपैकी निम्मे, म्हणजे १००, तपासणीस आलेच नाहीत. निरोगी ८०० पैकी मात्र दशांश, म्हणजे ८०, आले नाहीत. संशोधकासमोर ८२० माणसे असतील आणि त्यांत १०० आजारी दिसतील. तो शेकडा १२ असे प्रमाण काढील. त्याची बेरीज अचूक असेल, उपकरणे निर्दोष असतील, आणि तरीही उत्तर चुकलेले असेल. शिवाय ही चूक उरलेल्या आकड्यांकडे पाहून कळणार नाही. कारण ती जे आले नाहीत त्यांच्यात दडलेली आहे.

म्हणूनच फ्रॅमिंगहॅम येथे न येणाऱ्यांचाही शोध घेतला जाई. रुग्णालयातील दाखल्यांवर व मृत्यूच्या नोंदींवर नजर ठेवली जाई. पुढच्या पिढीच्या तपासण्यांत तर प्रत्येकाकडून त्याचे नातलग आणि एक निकटचा मित्र ह्यांची नावे लिहून घेत. काही वर्षांनी त्या व्यक्तीचा ठावठिकाणा लागला नाही, तर ह्यांपैकी कोणाला तरी तो ठाऊक असेल, हा हेतू.

ह्या साध्या पत्त्यांच्या कागदांना पुढे अनपेक्षित महत्त्व आले. निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर ह्या दोन संशोधकांनी ह्याच कागदांवरून कोण कोणाचा मित्र, ह्याचे १२,०६७ व्यक्तींचे जाळे तयार केले आणि १९७१ ते २००३ ह्या काळात स्थूलपणा त्या जाळ्यातून कसा पसरत गेला, हे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. एखाद्याचा मित्र स्थूल झाला, तर तो स्वतः स्थूल होण्याचा संभव शेकडा ५७ ने वाढलेला त्यांना आढळला. ह्या संबंधास कार्यकारणभाव म्हणावे काय, ह्याविषयी संख्याशास्त्रज्ञांत पुढे वाद झाला. तथापि माणसे हरवू नयेत म्हणून राखलेले कागदच एका नव्या संशोधनाचे साधन बनले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

फळ आणि त्याचे वाटप

दीर्घकालीन कामात लोकांचा उत्साह टिकण्यास मधूनमधून फळ दिसावे लागते. फ्रॅमिंगहॅमचे पहिले महत्त्वाचे निष्कर्ष १९५७ मध्ये, म्हणजे प्रारंभानंतर नऊ वर्षांनी बाहेर आले. उच्च रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉलचे आधिक्य ह्यांचा हृद्रोगाशी संबंध दिसू लागला. १९६१ मध्ये डॉ. विल्यम कॅनेल, डॉबर व त्यांचे सहकारी ह्यांनी सहा वर्षांच्या अनुभवावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यात वापरलेली 'जोखमीचे घटक' ही कल्पना वैद्यकाच्या भाषेत कायमची रुजली. धूम्रपानाचा धोका, व्यायामाचा लाभ, उच्च रक्तदाब आणि पक्षाघात ह्यांचे नाते ह्यांविषयीचे पुरावेही त्यानंतरच्या वर्षांत फ्रॅमिंगहॅममधून पुढे आले.

ह्या फळांचे वाटप दोन पातळ्यांवर झाले. जगाला निबंध मिळाले. फ्रॅमिंगहॅमच्या रहिवाशास मात्र दर तपासणीनंतर स्वतःविषयीची माहिती आपल्या वैद्याकडून कळत होती. 'आपले आकडे कोठे गेले?' ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळत होते. ज्या निरीक्षणात लोकांकडून केवळ घेतले जाते आणि परत काही कळविले जात नाही, तेथे लोकांचा धीर लवकर सुटतो.

पैसा देणाऱ्यांचा धीर

सहभागी लोक टिकले तरी काम टिकतेच असे नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरलेली वीस वर्षे संपत आली आणि सरकारी पातळीवर असा विचार बळावला की, प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे, आता खर्च कशास करावा? हा विचार अगदीच अवास्तव नव्हता. सरकारपुढे इतर मागण्या असतात आणि चालू कामाचे पुढील फळ आधी दाखविता येत नाही. परंतु ह्या गटातील माणसे तेव्हा कोठे उतारवयाकडे झुकत होती. पक्षाघात, वार्धक्यातील हृदयाची दुर्बलता, स्मृतिभ्रंश ह्या व्याधींचा अभ्यास नेमका त्यापुढेच व्हावयाचा होता.

सरकारी साहाय्य आटू लागले तेव्हा तोवर बॉस्टन विद्यापीठात गेलेल्या डॉबर ह्यांनी खाजगी देणग्यांसाठी खटपट केली व काम कसेबसे चालू ठेवले. १९७१ मध्ये राष्ट्रीय संस्था व बॉस्टन विद्यापीठ ह्यांच्या सहकार्याने नवी व्यवस्था झाली. त्याच वर्षी मूळ सहभागींची मुले व त्यांचे पती-पत्नी अशा ५,१२४ जणांचा दुसरा गट सुरू झाला, आणि २००२ मध्ये नातवंडांच्या पिढीतील ४,०९५ जणांचा तिसरा. मूळ गटातील जवळजवळ सर्व लोक युरोपीय वंशाचे होते, ही उणीव ओळखून १९९४ मध्ये इतर वंशांच्या रहिवाशांचा एक वेगळा गटही जोडण्यात आला.

पैशाच्या अभावी नोंदीत खंड पडला तर काय होते, ह्याचे दुसरे उदाहरण हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वताचे आहे. तेथे चार्ल्स कीलिंग ह्यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास प्रारंभ केला. तेव्हा त्याचे प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारे ३१३ भाग होते; २०२० नंतरच्या वर्षांत ते ४२० च्या वर गेले. हा चढता आलेख आज शाळांच्या पुस्तकांतही दिसतो. पण १९६४ मध्ये खर्चात कपात झाल्यामुळे काही महिने मोजणी बंद पडली, आणि आलेखातील ती फट कायमची राहिली. नंतर कितीही द्रव्य ओतले, तरी गेलेल्या महिन्याची हवा मोजता येत नाही.

नोंदी कोणाच्या?

वर्षे लोटतात तसा आणखी एक प्रश्न निर्माण होतो. साठलेली माहिती मौल्यवान बनते, मग तिच्यावर हक्क कोणाचा? २००० मध्ये फ्रॅमिंगहॅमची माहिती व्यापारी तत्त्वावर वापरण्यासाठी एक खाजगी कंपनी काढण्याची योजना पुढे आली. सार्वजनिक पैशाने व लोकांच्या विनामूल्य सहकार्याने जमलेली माहिती सर्व संशोधकांना खुली राहावी, की काहींनाच तिचा पहिला लाभ मिळावा, ह्यावर एकमत होईना, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती योजना बारगळली.

सहभागी व्यक्तीने रक्त दिले ते विश्वासाने दिले. ज्या कारणासाठी ते घेतले त्याहून वेगळ्या कारणासाठी ते वापरावयाचे झाल्यास त्यास विचारले पाहिजे. विशेषतः आनुवंशिकतेच्या अभ्यासात एका व्यक्तीच्या रक्तातून तिच्या भावंडांविषयी व मुलांविषयीही माहिती निघते. म्हणून संमती ही एकदाच सही घेऊन संपणारी बाब नव्हे; कामाचे स्वरूप बदलेल तशी ती पुन्हा घ्यावी लागते.

आपल्या देशातील उदाहरणे

फ्रॅमिंगहॅमचे निष्कर्ष भारतीय शरीरास जसेच्या तसे लागू पडतात काय, हे ठरविण्यासाठी भारतातच दीर्घकालीन निरीक्षणे होणे अवश्य होते. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ ह्या काळात जन्मलेल्या ८,१८१ बालकांची नोंद करण्यात आली व त्यांची वेळोवेळी मोजमापे घेण्यात आली. २००४ मध्ये ह्या गटासंबंधी महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला, तो २६ ते ३२ वर्षे वयाच्या १,४९२ व्यक्तींवर आधारलेला होता. पहिल्या दोन वर्षांत कृश असलेली आणि नंतरच्या बालपणात झपाट्याने वजन वाढलेली मुले पुढे मधुमेहाच्या वाटेवर अधिक प्रमाणात आढळली. निष्कर्ष मोलाचा होता. पण ८,१८१ आणि १,४९२ ह्या दोन संख्यांमधील अंतर महानगरातील माणसांचा माग ठेवणे किती दुष्कर आहे, हेही सांगते.

महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. गर्भवती स्त्रियांचा आहार, त्यांचे कष्ट आणि त्यांच्या बाळांची वाढ हा अभ्यासाचा विषय होता. गर्भधारणा अगदी प्रारंभीच कळावी म्हणून गावागावांतून घरोघर फिरून विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा लिहून घ्याव्या लागत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विश्वास संपादन केल्यावाचून असली माहिती कोणी परक्यास देत नाही, हे ग्रामीण जीवन जाणणाऱ्यास सांगावयास नको. शिवाय बाळाचे मोजमाप जन्मानंतर तीन दिवसांच्या आत व्हावयास हवे. आणि पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी जाते! म्हणजे माग सासरचाही ठेवला पाहिजे आणि माहेरचाही.

ह्या खटाटोपातून जे हाती आले ते विलक्षण होते. ह्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम भरले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याकडील बाळे स्नायूंनी व इंद्रियांच्या आकाराने बरीच लहान होती, परंतु त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. दिसण्यात कृश असलेल्या भारतीयांना मधुमेह इतक्या सहजी का जडतो, ह्या कोड्याचा एक धागा येथे हाती लागला. पुढे मुले सहा वर्षांची झाल्यावर, आईच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या पातळीचा मुलांच्या चयापचयाशी असलेला संबंध अभ्यासता आला. २०१२ मध्ये तर हीच मुले वयात आल्यावर, त्यांच्या भावी अपत्यांचे आरोग्य सुधारते काय हे पाहण्यासाठी, त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला. केवळ निरीक्षणासाठी जमविलेला गट प्रतिबंधक उपायाच्या कसोटीसाठी उपयोगी पडला. घरोघरीचा संबंध मधल्या काळात तुटला असता, तर हे शक्य झाले नसते.

अनुभवाचे सार

वरील उदाहरणांवरून काही सामान्य तत्त्वे निघतात. पहिले, ज्यांचे सहकार्य लागणार त्या सर्वांची गणती कामाच्या प्रारंभीच केली पाहिजे. फ्रॅमिंगहॅममध्ये वैद्यांचा विचार आधी झाला म्हणूनच विरोध टळला. दुसरे, जे वचन देता येईल तेवढेच द्यावे आणि ते पाळावे. तिसरे, प्रत्येक फेरीनंतर लोकांना काहीतरी परत कळवावे. अंतिम निष्कर्षाची वाट पाहत त्यांना अंधारात ठेवू नये. चौथे, लोकांवर पडणारा भार हलका असावा. प्रश्नावली दर वेळी लांबत गेली, तर येणाऱ्यांची रांग आखूड होत जाते. पाचवे, पैसा देणाऱ्या संस्थेपुढे दूरच्या ध्येयाबरोबर जवळचे टप्पेही मांडावे. आणि सहावे, कामाची रीत व नोंदींचा अर्थ स्पष्टपणे लिहून ठेवावा, म्हणजे संशोधक बदलले तरी काम बदलत नाही.

ही तत्त्वे लहान कामासही लागू पडतात. एखाद्या शाळेने आवारातील विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास नोंदण्याचे ठरविले, तर पहिल्या महिन्यात दहा विद्यार्थी धावतील आणि सहाव्या महिन्यात एकही उरणार नाही. पण दरवर्षी वरच्या वर्गाने खालच्या वर्गास ती वही सोपविली, मोजण्याची रीत पहिल्या पानावर लिहिली, आणि वर्षातून एकदा त्या आकड्यांचा आलेख गावाच्या सभेत मांडला, तर दहा वर्षांनी त्या गावास आपल्या पाण्याविषयी असे काही कळेल, जे बाहेरच्या कोणत्याही तज्ज्ञास सांगता येणार नाही.

फ्रॅमिंगहॅममधील पहिल्या ५,२०९ जणांना आपल्या सहकार्याचे पुरे फळ दिसले नाही. त्यांपैकी पुष्कळजण ज्या रोगाचा अभ्यास चालू होता त्याच रोगाने गेले, आणि त्यांचे मरणही नोंदीत जमा झाले. आज एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात कसलीही तक्रार नसलेल्या माणसाच्या दंडास पट्टा गुंडाळून त्याचा रक्तदाब पाहतात आणि तो अधिक असल्यास वेळीच सावध करतात. ह्या सावधगिरीमागे, दर दोन वर्षांनी न चुकता तपासणीस येत राहिलेल्या त्या अपरिचित माणसांची साथ आहे.